मैत्रिणीच्या घरातले भुंगेरे

सेलोटेपला चिकटवलेला किडा कुणी आणून दिला की आर्डिस टॉलेफसनचा पारा चढायचा.

"हा किडा आहे? हा तर लगदा झालाय," ती म्हणायची. "याचे पाय कुठायत? मिशा कुठायत? पुढच्या वेळी डबीत आणा. मेलेला चालेल, पण अख्खा आणा."

समोरचा माणूस खजील होऊन निघून जायचा आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत अख्खा भुंगेरा घेऊन परत यायचा. मग मात्र आर्डिस त्याच्याशी अशी बोलायची की जणू त्याने तिच्यासाठी काही भेटच आणली आहे.

मी मार्लिस. मिनेसोटातल्या आमच्या काउंटीच्या शेतकी ऑफिसात पुढच्या टेबलावर बसते, फोन घेते, मातीचे नमुने घेते, आणि कुणी काही विचारलं नाही तरी बोलत असते. आर्डिस आमच्याकडे पगारावर नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची नोकरी झाली, ती निवृत्त झाली आणि विद्यापीठाचं एक शिबिर करून आमच्याकडे मदतीला यायला लागली. शिबिरातले बाकीचे लोक टोमॅटोच्या रोगांकडे आणि गुलाबांकडे वळले. हिला घरातले बारीक भुंगेरे आवडले. का, ते तिलाच ठाऊक. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी ती खिडकीजवळच्या टेबलावर बसायची. पुढ्यात एक भिंग, एक चिमटा आणि एक पांढरी बशी.

गव्हाच्या पिठातला दातेरी भुंगेरा, मसाल्याच्या डब्यातला तांबूस भुंगेरा, लोकरी स्वेटरांवर जगणारा गोल, चट्ट्यापट्ट्यांचा गालिच्यातला भुंगेरा. हा शेवटचा बघून लोकांना ढेकूण वाटतो. गाद्या जाळायला निघालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आर्डिस भिंगातून एकदा बघायची आणि म्हणायची, "ढेकूण नाही. गादीला हात लावू नका. तुमच्या आजेसासूचा लोकरीचा कोट कुठल्या पेटीत आहे ते आठवा." तिचं एकच सांगणं असायचं. नाव कळलं की तो काय खातो ते कळतं, काय खातो ते कळलं की कुठे आहे ते कळतं. फवारा मारू नका, शोधा.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्या काउंटीत कुणाच्याही घरात किडे नसतात. विचारा कुणालाही. जो कुणी बाटली घेऊन येतो, त्याला तो किडा मैत्रिणीच्या घरात सापडलेला असतो. नाहीतर मेहुणीच्या. आमचे पाद्री एकदा आले, तर त्यांना तो "चर्चमधल्या एका कुटुंबाकडे" सापडला होता, आणि त्यांच्या स्वतःच्या बाहीवर दुसरा चालत होता. आपण हसायचं नाही. कुणाचं घर, हे विचारायचं नाही. आम्ही सगळे असेच वाढलो. घरातली घाण, घरातलं आजारपण आणि घरातलं भांडण ही तीन पाहुण्यांना दाखवायची नाहीत, इतपत सगळ्यांना लहानपणीच कळलेलं असतं. मला या रीतीचा तेव्हाही राग यायचा. आता तर तिचं नाव काढलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

आर्डिसचा नवरा व्हर्लिन. जन्मभर दुधाचा टँकर चालवला. भला उंच माणूस, बोलणं कमी, पण कुठल्या गोठ्यातली कुठली गाय लाथ मारते ते त्याला पाठ. या माणसाला एकाएकी आपल्या घराकडे वळायचा रस्ता सापडेना. आधी रस्ता गेला, मग शेजाऱ्यांची नावं गेली, मग मुलीचं नाव मागेपुढे व्हायला लागलं. त्याचा थोरला भाऊ असाच विसरत विसरत गावच्या वृद्धाश्रमात गेला होता आणि तिथेच संपला होता. व्हर्लिन भानावर होता तेव्हा त्या भावाला भेटून आला आणि गाडीतच आर्डिसला म्हणाला, "मला तिथे नेऊन टाकू नकोस." तिने शब्द दिला. शब्द दिला म्हणजे दिला, अशी ती बाई.

मुलगी एकच, जोलीन, मिनिआपोलिसला विमा कंपनीत. ती वाईट नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण गावात तिच्याबद्दल बरंच काही बोललं गेलं. तिला आईची काळजी होती. बाप वाळलाय हे ईस्टरला तिच्या लक्षात आलं ते त्याच्या खाली घसरणाऱ्या पँटमुळे.

"आई, बाबा नुसते हाडं झालेत. तू त्यांना जेवायला घालतेस ना?"

"मी शाळेतल्या तीनशे पोरांना जेवायला घातलंय. एका नवऱ्याला घालू शकत नाही असं वाटतं का तुला?"

"मग खातात ते जातं कुठे? डॉक्टर म्हणतात पोटात काही दोष नाही."

शेवटी मायलेकींचं ठरलं. ख्रिसमसपर्यंत बघायचं. वजन उतरत राहिलं तर व्हर्लिनला वृद्धाश्रमात ठेवायचं. हे मला आर्डिसनेच सांगितलं. ताट पुसून परत येत होतं, आणि तरी नवरा वाळत चालला होता.

मे महिन्यात, बर्फ वितळून गेल्यावर, तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत भुंगेरे दिसायला लागले. तिने ते लगेच ओळखले असणार. लांबट, काळपट, पाठीवर आडवा पिवळसर पट्टा आणि पट्ट्यात काळे ठिपके. कोठीतला भुंगेरा. हा सुकलेलं मांस खातो. भिंतीत मेलेला उंदीर, धुराड्यात अडकलेला पक्षी, असं काहीतरी. आर्डिसने माळा पाहिला, भिंती ठोकून पाहिल्या, फ्रीजच्या मागे पाहिलं. काहीच सापडलं नाही. दुसऱ्यांच्या घरातलं शोधून देणाऱ्या बाईला स्वतःच्या घरातलं सापडेना.

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आमची मदतनीस मंडळी एकत्र कॉफी घेतात. त्या गुरुवारी आर्डिसने लिंबाच्या वड्या केल्या होत्या. ताटली फिरवता फिरवता ती म्हणाली, "माझ्या ओळखीची एक बाई आहे. तिच्याकडे कोठीतला भुंगेरा झालाय. सगळं घर पालथं घातलं तिने."

मी तिच्याकडे पाहिलं. ती वड्यांकडे बघत होती. ही बाई कोण, ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं. बाकीचे सरसावून बसले. एकीने खार सुचवली, एकाने माळ्यावरच्या मेलेल्या माश्या.

"कुत्रा आहे का तिच्याकडे?" ड्वेनने विचारलं. ड्वेन हेगस्टॅड हा आमचा मधमाश्यांचा माणूस. मन सोन्यासारखं, पण डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागतो.

"होता. दोन वर्षं झाली जाऊन."

"मग कुत्र्याचं खाणं कुठेतरी उरलं असेल. बघायला सांग तिला. कुत्रं जिथे झोपायचं तिथे."

आर्डिस कॉफी अर्धी टाकून घरी गेली.

त्यांचा कुत्रा टफी तळघरात झोपायचा, हीटरच्या मागे. तिथे अजून त्याचं घोंगडं होतं आणि पत्र्याची वाटी होती. त्या वाटीत आणि वाटीभोवती हॅमचे तुकडे होते, सॉसेज होते, रविवारच्या भाजलेल्या मांसाच्या फोडी होत्या. काही ताजे, काही दगड झालेले. त्यावर केसाळ अळ्या वळवळत होत्या. आर्डिस फोनला उठली, भांडी विसळायला वळली, ऑफिसला आली, की व्हर्लिन आपल्या ताटातलं मांस रुमालात गुंडाळून खाली जायचा. कुत्र्याला घातल्याशिवाय हा माणूस कधी जेवला नव्हता. कुत्रा मेल्याचं तो विसरला होता, कुत्र्याला भूक लागते हे विसरला नव्हता.

पुढच्या कॉफीला आर्डिसने त्या ओळखीच्या बाईची हकीकत सगळ्यांना सांगितली. हीटरच्या मागची वाटी, नवरा, कुत्रा, सगळं.

"मग काय केलं तिने?" ड्वेनने विचारलं. "नवऱ्याला सांगितलं की नाही, कुत्रं मेलंय म्हणून?"

"एकदा सांगितलं. तो बसून रडला. अर्ध्या तासाने परत विसरला आणि परत वाटी भरायला निघाला." आर्डिसने कपात साखर नसताना चमचा फिरवला. "आता ती दोन ताटं वाढते. एक कुत्र्याचं. ते आधी खाली नेऊ देते. नवरा वर येतो, म्हणतो, टफी जेवला. मग स्वतः जेवतो. पोटभर. नंतर ती जाऊन वाटी रिकामी करते."

टफी हे नाव तिच्या तोंडून निसटलं. सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं. एकट्या ड्वेनने मान डोलावली आणि म्हणाला, "हुशार बाई दिसते."

त्या उन्हाळ्यात व्हर्लिनच्या अंगावर मांस चढलं. जुलैच्या मिरवणुकीत तो खुर्ची टाकून बसला होता, गाल वर आले होते, ट्रॅक्टर गेला की टोपी काढत होता. जोलीनने आईला मिठी मारली. आर्डिस सकाळी ऑफिसात यायची ती गुणगुणत यायची. दोन ताटांचं मात्र तिने मुलीला सांगितलं नाही. सांगितलं तर जोलीन म्हणेल, मेलेल्या कुत्र्याला जेवण घालण्यापर्यंत मजल गेली, आता पुरे. आर्डिसचं तरी काय चुकलं? घरातलं आजारपण पाहुण्यांना दाखवायचं नाही, आणि शहरात गेलेली मुलगी आमच्याकडे थोडीशी पाहुणीच असते.

ऑक्टोबरात आर्डिसला खोकला धरला. ती अंगावर काढत राहिली. तळघराचा जिना उतरायला धाप लागायची म्हणून वाटी तशीच राहायला लागली. व्हर्लिन मात्र रोज नेमाने खाली जात होता. शेवटी एका सकाळी ती सिंकपाशी कोसळली. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि जोलीन बापाजवळ राहायला आली.

जोलीन तळघरात कपडे धुवायला उतरली आणि तिला ते दिसलं.

तिने बापाला विचारलं. तो म्हणाला, "माझं नाही." आणि ते खरंच होतं, ते कुत्र्याचं होतं. पण तिला काय वाटणार? तिला वाटलं, आईचंच डोकं फिरलंय. आईच अन्न तळघरात नेऊन टाकतेय. खिडकीत भुंगेरे, घोंगड्यावर अळ्या, आणि हे सगळं त्या बाईच्या घरात जी जगाच्या घरातले किडे शोधते. दोघंही हातची गेली, असं तिला वाटलं.

तिने चार भुंगेरे जॅमच्या बरणीत घातले आणि आमच्या ऑफिसात आली. मी त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे होते. आर्डिसच्या टेबलावर ड्वेन बसला होता. तो जोलीनला ओळखत नव्हता. तो या गावात आला त्याच्या आधीच ती शहरात गेली होती.

पुढचं मला ड्वेननेच सांगितलं, आणि सांगताना त्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"एका मैत्रिणीच्या घरात सापडले हे," जोलीन म्हणाली होती.

"कोठीतले भुंगेरे," ड्वेन म्हणाला. "मांस पडलंय का कुठे?"

"तळघरात. खूप. कुजलेलं. म्हातारं जोडपं आहे. नवऱ्याला काही आठवत नाही. बायको सगळं बघते."

"मग बायकोचंही काही खरं नाही. हे एका दिवसाचं नसतं हो. अळ्या लाकडात शिरून बसतात, मग बाहेर येतात, कित्येक आठवडे चाललेलं असणार. जी घर सांभाळते तिच्याच्याने आता होत नाहीये. तुमच्या मैत्रिणीला म्हणावं, आता कुणीतरी हातात घ्या. उशीर करू नका."

त्याने खरं तेच सांगितलं. त्या मैत्रिणीच्या घराबद्दल ते अगदी बरोबर होतं. जोलीन नुसतं "माझ्या आईच्या घरात" म्हणाली असती, तर ड्वेनने विचारलं असतं, आई कोण? आणि आर्डिसचं नाव ऐकल्यावर त्याच्याही डोक्यात त्या कुत्र्याच्या वाटीचा उजेड पडला असता. सगळी हकीकत त्याला पाठ होती. ती त्याला ओळखीच्या एका बाईची म्हणून पाठ होती, आणि त्याच्या लेखी ती उन्हाळ्यातच मिटली होती. एक आई आणि तिची मुलगी, दोघींनी त्याच टेबलापाशी येऊन एकाच घराची गोष्ट सांगितली, आणि दोघींनी ते घर दुसऱ्याचं करून सांगितलं. कुणी खोटं बोललं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे याला चांगलं वळण म्हणतात.

जोलीन तिथून तडक हॉस्पिटलात गेली. आर्डिसला ताप होता, नाकात नळी होती.

"आई, तळघरात ते मांस कशाला ठेवलंस?"

आर्डिसने डोळे उघडले. बोलायला दम पुरत नव्हता. "टफीसाठी," ती म्हणाली. "टफीला घालतो ना आम्ही."

जोलीनने तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाली, "आई, टफी मेला."

"माहितीये गं मला. पण बाबांना आधी त्याला..." आणि तिला खोकल्याची उबळ आली. नर्स आली. जोलीनला बाहेर थांबायला सांगितलं.

बाहेर थांबून तिने वृद्धाश्रमाला फोन केला. खोली रिकामी होती. त्याच आठवड्यात व्हर्लिन तिथे गेला. आर्डिस बरी होईपर्यंतच असेल, असं मला वाटलं. जाताना तो तळघराच्या दारापाशी अडून राहिला, दाराची मूठ सोडेना. जोलीन म्हणाली, दोन माणसांना येऊन त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. फवारा मारणाऱ्यांनी घर धुरानं भरलं. घोंगडं आणि वाटी गेली.

आर्डिस घरी आली तेव्हा मी तिला आणायला गेले होते. वाटेत तिने सगळं सांगितलं. पहिल्यांदाच तिने "माझ्या घरात" म्हटलं. मी त्याच संध्याकाळी जोलीनला गाठून तोंड उघडलं आणि उन्हाळ्यातल्या दोन ताटांपासून सगळं सांगून टाकलं. ती पोर माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर बसली. "मला का नाही सांगितलं तिने?" एवढंच ती परत परत म्हणत होती. "मी तिला वेडी समजले, मार्लिस." ती बापाला परत आणायला तयार होती. पण आर्डिस आता चार पावलं चालली की भिंतीला टेकायची, आणि व्हर्लिनला उठवायला दोन माणसं लागायला लागली होती. डॉक्टर नाही म्हणाले. शब्द मोडला तो असा. मोडायचा म्हणून कुणीच मोडला नव्हता.

त्या हिवाळ्यात मी आर्डिसला रोज दुपारी वृद्धाश्रमात सोडायचे. तिथले लोक चांगले आहेत. फरशी लख्ख असते, एक मुंगी दिसायची नाही. जेवण झालं की ताटं लगेच उचलतात. आर्डिसने त्यांना विनवून सांगितलं होतं की वाढताना म्हणा, टफी जेवला. बिचाऱ्या मुली म्हणायच्यासुद्धा. पण व्हर्लिन आता टफीचं नाव काढत नव्हता. तो कुत्र्यालाही विसरला होता. आणि परत वाळायला लागला होता.

फेब्रुवारीत एकदा मी तिच्याबरोबर आत गेले. जेवणाची वेळ झाली होती. टर्कीचे काप होते, बटाटे होते. आर्डिस त्याच्या शेजारी बसून राहिली. तिचा कोट तिला मोठा व्हायला लागला होता, आजारपणात ती निम्मी झाली होती. व्हर्लिन तिच्याकडे बराच वेळ बघत होता. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, वाढणारी मुलगी पाठमोरी आहे अशी खात्री केली, ताटातला टर्कीचा मोठा काप उचलला आणि कागदी रुमालात नीट गुंडाळला. टेबलाखालून तो त्याने आर्डिसच्या हातात दिला.

"घ्या, बाई," तो कुजबुजला. "तुम्ही रोज येता. मी बघतो. तुम्हाला घरी कुणी जेवायला घालत नाही का?"

आर्डिसने रुमाल उघडला.

"खा ना," व्हर्लिन म्हणाला. "माझं नंतर होईल."

तिने खाल्लं. त्याच्याकडे बघत, एकेक घास चावून, सगळा काप खाल्ला. तो संपेपर्यंत बघत होता. मग त्याने समाधानाने मान हलवली, काटा उचलला आणि स्वतःचे बटाटे खायला लागला.